'ऑडिट फेल्युअर'ची नोंद पुसण्यापूर्वी ती वाचणे आवश्यक

विंडोज या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या संगणकात 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'सिक्युरिटी' विभागातील नोंदी पाहिल्या असता अनेकांना 'ऑडिट फेल्युअर' अशा शब्दांच्या ओळींची रांगच दिसते. 'फेल्युअर' हा शब्द वाचून संगणकात काही तरी बिघडले आहे असा समज होतो आणि पहिला उपाय म्हणून ही नोंदवहीच रिकामी केली जाते. हा उपाय चुकीचा आहे. ऑडिट फेल्युअर म्हणजे बहुतेक वेळा यंत्रणेचे अपयश नसते. कोणी तरी काही करू पाहिले आणि विंडोजने त्यास नकार दिला, याची ती नोंद असते. ती पुसल्यास नकार कोणाला आणि का मिळाला, हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

या विभागात यशस्वी प्रयत्नापुढे किल्लीचे आणि अयशस्वी प्रयत्नापुढे कुलपाचे चिन्ह असते. तो पाहण्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. प्रत्येक नोंदीस एक क्रमांक दिलेला असून, सर्वाधिक आढळणारा क्रमांक ४६२५ हा आहे. त्याचा अर्थ 'प्रवेशाचा प्रयत्न फसला' असा होतो. विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ मध्ये याच घटनेसाठी ५२९ व त्यापुढील अनेक क्रमांक होते. विंडोज व्हिस्टापासून ते ४६२५ या एकाच क्रमांकात सामावले गेले. जुन्या क्रमांकात ४०९६ मिळविले की नवा क्रमांक मिळतो, हा हिशेब जुन्या टिपणांवरून काम करणाऱ्यांना आजही उपयोगी पडतो.

४६२५ ची नोंद उघडल्यावर मजकूर लांबलचक दिसतो. पण त्यातील तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात. पहिली म्हणजे 'सब स्टेटस' हा संकेतांक. त्याच्या शेवटी ६४ असल्यास त्या नावाचे खातेच अस्तित्वात नाही. ६ए असल्यास खाते आहे, मात्र परवलीचा शब्द चुकला आहे. ७२ म्हणजे खाते निष्क्रिय केलेले आहे, तर २३४ म्हणजे ते कुलूपबंद झाले आहे. शेवटी १३३ असल्यास दोष परवलीच्या शब्दाचा नसून दोन संगणकांच्या घड्याळांचा असतो. कार्यालयीन नेटवर्कमध्ये वापरली जाणारी कर्बेरॉस ही ओळख पटविण्याची पद्धत साधारणतः पाच मिनिटांहून अधिक फरक खपवून घेत नाही. अशा वेळी परवलीचा शब्द कितीही वेळा बदलला तरी प्रवेश मिळत नाही; घड्याळ जुळविताच मिळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे 'लॉगॉन टाइप'. यातील २ हा आकडा संगणकापुढे बसून केलेला प्रयत्न दर्शवितो, ३ नेटवर्कवरून, ४ ठरावीक वेळी आपोआप चालणारे काम, ५ पार्श्वभूमीवर चालणारी सेवा, ७ बंद पडदा पुन्हा उघडणे, तर १० रिमोट डेस्कटॉपद्वारे केलेला प्रयत्न. येथे एक चकवा आहे. रिमोट डेस्कटॉपवर जोडणीपूर्वीच ओळख तपासण्याची सोय सुरू असल्यास फसलेले प्रयत्न १० ऐवजी ३ या प्रकाराखाली नोंदले जातात. केवळ १० हा आकडा शोधून 'बाहेरून कोणी प्रयत्न केलेला नाही' असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते. तिसरी गोष्ट म्हणजे प्रयत्न कोणत्या संगणकावरून वा नेटवर्क पत्त्यावरून झाला.

या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होऊ लागते. एकच खाते, ६ए हा संकेतांक, कार्यालयातीलच पत्ता आणि ठरावीक अंतराने येणाऱ्या नोंदी असतील, तर त्या खात्याचा परवलीचा शब्द अलीकडे बदलला आहे काय, हे आधी विचारावे. जुना शब्द कुठे तरी साठवलेला राहतो आणि संगणक तोच पुनःपुन्हा वापरीत राहतो. 'क्रेडेन्शियल मॅनेजर', जोडून ठेवलेली सामायिक फोल्डरे, त्या खात्याच्या नावाने चालणाऱ्या सेवा, 'टास्क शेड्यूलर'मधील कामे आणि मोबाइलवरील कार्यालयीन ई-मेल ही अशा जुन्या शब्दांची नेहमीची ठिकाणे होत. यामुळे खाते वारंवार कुलूपबंद होत असल्यास डोमेन कंट्रोलरवरील ४७४० या नोंदीत संबंधित संगणकाचे नाव मिळते. त्याच संगणकावर शोध घ्यावा. खाते नुसते पुन्हा उघडून दिल्यास तक्रार तासाभरात परत येते.

याउलट 'ॲडमिनिस्ट्रेटर', 'ॲडमिन', 'टेस्ट' अशी निरनिराळी नावे, ६४ हा संकेतांक, अनोळखी पत्ते आणि रात्रंदिवस चाललेले प्रयत्न आढळल्यास ते परवलीचे शब्द ओळखण्यासाठी चाललेले हल्ले समजावेत. रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ हे पोर्ट इंटरनेटवर खुले असलेल्या संगणकांना हा अनुभव येतो. हे पोर्ट बाहेरून बंद करून व्हीपीएनमार्फतच प्रवेश देणे आणि ठरावीक चुकांनंतर खाते कुलूपबंद करणे, हे यावरील मुख्य उपाय आहेत. त्यापूर्वी एक तपासणी मात्र टाळू नये. फसलेल्या प्रयत्नांच्या रांगेनंतर त्याच पत्त्यावरून ४६२४, म्हणजे यशस्वी प्रवेशाची नोंद आहे काय, हे पाहावे. ती असल्यास हा प्रश्न दुरुस्तीचा राहत नाही, घुसखोरीचा होतो.

सर्वच ऑडिट फेल्युअर प्रवेशाशी संबंधित नसतात. ५०३८ ही नोंद एखाद्या प्रणाली-फाइलची पडताळणी फसल्याचे सांगते. फाइलमध्ये कोणी फेरफार केलेला असू शकतो किंवा हार्ड डिस्क खराब होत चाललेली असू शकते. त्यामुळे डिस्कची आणि फाइलची, दोहोंची तपासणी करावी.

काही वेळा मात्र नोंद ठेवण्याची यंत्रणाच अडते. संगणक निळ्या पडद्यावर थांबतो आणि सी००००२४४ हा संकेतांक 'ऑडिट फेल्ड' या शब्दांसह दिसतो. सुरक्षा नोंद ठेवता येत नसेल तर संगणक तत्काळ बंद करावा, असे एक धोरण विंडोजमध्ये आहे. नोंदीविना कोणतेही काम होऊ नये, अशी सुरक्षाविषयक प्रमाणपत्रांची अट असल्याने ते ठेवण्यात आले. हे धोरण लागू असताना नोंदवही भरली आणि जुन्या नोंदींवर नव्या लिहिण्यास मनाई असली, की संगणक थांबतो. त्यानंतर केवळ प्रशासकालाच प्रवेश मिळतो. त्याने नोंदवहीची प्रत जतन करावी, मग ती रिकामी करावी आणि रजिस्ट्रीतील 'क्रॅशऑनऑडिटफेल' हे मूल्य २ वरून पुन्हा १ वर आणून संगणक नव्याने सुरू करावा. मुद्दाम खोट्या नोंदींचा भडिमार करूनही असा संगणक बंद पाडता येतो. त्यामुळे विशेष गरज नसल्यास हे धोरण लागू न करणेच श्रेयस्कर.

साध्या संगणकावर या नोंदवहीचा मूळ आकार २० एमबी इतकाच असतो आणि ती भरल्यावर जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात. हल्ला सुरू असताना हव्या असलेल्या नोंदी याच वेगाने नाहीशा होतात. आकार वाढविण्याची सोय नोंदवहीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये आहे. संस्थांच्या बाबतीत हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवापुरवठादार आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आणि निर्देशांत नमूद केलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक आहे. नोंदवही कोणी रिकामी केल्यास त्याचीही नोंद विंडोज ११०२ या क्रमांकाने, नाव आणि वेळेसह, त्याच कोऱ्या नोंदवहीत करून ठेवते.