निवृत्तांची वसाहत : सोय आणि किंमत

'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात फार जुनी आहे. व्यापाराने, बियाण्यांनी आणि अलीकडे लोखंडी सळयांच्या कारखान्यांनी या गावाने अनेक पिढ्या जोजवल्या. तथापि पाळण्यात वाढलेली मुले पाळण्यात राहत नाहीत. कुंडलिका नदीने जुन्यापासून वेगळ्या केलेल्या नवीन जालन्यात शिक्षकांनी आणि कारकुनांनी कर्ज काढून घरे बांधली. त्या घरांतून शिकून बाहेर पडलेली मुले पुण्यामुंबईकडे आणि त्याहूनही दूर गेली. घरात उरले दोघे, आणि कित्येक ठिकाणी एकच. अशा माणसांपुढे आता एक नवा पर्याय येऊ लागला आहे. येथील घर विकावे आणि मोठ्या शहरातील ज्येष्ठांच्या वसाहतीत जाऊन राहावे, हा तो पर्याय होय. त्याचा विचार बहुधा भावनेच्या भरात केला जातो. वस्तुतः तो थंड डोक्याने करण्याचा हिशेब आहे.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. वृद्धाश्रम आणि ज्येष्ठांची वसाहत या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुण्याचे 'निवारा' १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले. निराधारांना आसरा देणे, हा त्यामागचा धर्मादाय हेतू होता. याउलट पुण्यातील 'अथश्री'सारख्या वसाहती चालू शतकात उभ्या राहिल्या, त्या निवृत्तीची पुंजी आणि घर गाठीशी असलेल्या मध्यमवर्गासाठी. तेथे दया नाही, व्यवहार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील लोकांचे प्रमाण ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. त्यामुळे हा व्यवहार पुढे वाढतच जाणार, हे उघड आहे.

जमेची बाजू

या वसाहतींना नाके मुरडणाऱ्यांनी एकट्या वृद्धाचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. २०१२-१३ च्या दुष्काळात नवीन जालन्याला पाणी पुरवणारा घाणेवाडीचा तलाव आटला होता. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभे राहणे तरुणाला कष्टाचे, तर सत्तरीच्या माणसाला धोक्याचे. रात्री छातीत दुखू लागले तर रिक्षा कोण आणणार, दिवा गेला तर स्टुलावर कोण चढणार, हे प्रश्न ऐकताना क्षुल्लक वाटतात. पण म्हातारपणाची निम्मी भीती त्यांतच साठलेली असते. चाकाची खुर्ची जाईल असे दार, उतरते मार्ग, लिफ्ट, हाकेच्या अंतरावर परिचारिका आणि समवयस्कांची सोबत या गोष्टी वसाहतीत एकत्र मिळतात.

आणखी एक लाभ सहसा मोजला जात नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो तो नवरा. चूल निवृत्त होत नाही. चाळीस वर्षे डबे भरलेली गृहिणी पंचाहत्तरीतही दोन वेळा ओट्यापाशी उभी असते. सामाईक भोजनगृह ही तिच्या आयुष्यातील पहिली सुट्टी ठरते. ज्यांना वसाहत म्हणजे कुटुंबसंस्थेचा पराभव वाटतो, त्यांनी हे कुटुंब आजवर कोणाच्या श्रमांवर उभे होते, याचाही विचार केलेला बरा.

खर्चाची बाजू

परंतु प्रश्न किमतीचा आहे, आणि ती पहिल्या दिवशी पूर्ण दिसत नाही. समजा, पासष्टीतील एका शिक्षक दांपत्याचे निवृत्तिवेतन महिना ३५,००० रुपये आहे आणि वसाहतीचे मासिक शुल्क २०,००० रुपये. निवृत्तिवेतन महागाईभत्त्यासह वर्षाला पाच टक्क्यांनी आणि शुल्क आठ टक्क्यांनी वाढते, असे धरू. नऊ वर्षांनी निवृत्तिवेतन सुमारे ५४,००० रुपये होईल, तर शुल्क दुप्पट, म्हणजे ४०,००० रुपये. हातात आजही पंधरा हजारांच्या आतबाहेर उरतात, तेव्हाही तेवढेच उरतील. मात्र त्या रकमेत औषधे बरीच कमी येतील.

खरी ओढाताण याच्या पुढे आहे. निवृत्तिवेतन साधारणतः अखेरच्या वेतनाच्या निम्मे असते, तर कुटुंबनिवृत्तिवेतन तीस टक्के. पती निवर्तला की चोपन्न हजारांचे बत्तीस हजार होतात. सदनिकेची देखभाल, सुरक्षा, लिफ्ट यांचा खर्च मात्र माणूस एकाने कमी झाला म्हणून निम्मा होत नाही. आधाराची गरज सर्वाधिक असते नेमक्या त्याच वेळी विधवेचा हिशेब तुटीत जातो. आणि जालन्यातील घर तर आधीच विकलेले असते. हे झाले सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे. खासगी कारखान्यातील कामगाराला भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून मिळणाऱ्या निवृत्तिवेतनावर महागाईभत्ता नाही; २०१४ साली त्याची किमान रक्कम ठरली ती १,००० रुपये. त्याच्यासाठी हा पर्याय अस्तित्वातच नाही.

दुसरा दोष करारातला. हिंडत्याफिरत्या माणसाला वसाहत आनंदाने घेते. पण तोच माणूस अंथरुणाला खिळला किंवा त्याला स्मृतिभ्रंश झाला तर काय? 'महारेरा'ने २०२४ साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष घालून दिले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु ते प्रामुख्याने जिने, दारे, लिफ्ट, प्रकाश आणि सुरक्षितता यांविषयी आहेत. दाराची रुंदी मोजता येते. दहाव्या वर्षी मिळणारी शुश्रूषा मोजता येत नाही.

तिसरी किंमत पैशांत मांडता येत नाही. तीस वर्षे शिकवलेल्या शिक्षकाला नवीन जालन्यात दर चौथ्या दुकानात विद्यार्थी भेटतो. औषधवाला उधार देतो, बँकेतला कारकून खुर्ची पुढे करतो. ही पत त्याने आयुष्यभर साठवलेली असते; ती येथेच वटते, दुसऱ्या गावी नेता येत नाही. वसाहतीत गेल्यावर 'सर' संपतात आणि सदनिकेचा क्रमांक उरतो.

मग मार्ग कोणता?

माणसाला भिंती नको असतात, सेवा हव्या असतात, हे ध्यानात घेतले की मार्ग दिसू लागतो. वेळेवर डबा, आठवड्याला परिचारिकेची फेरी, दिवसा एकत्र बसण्याची जागा आणि रात्री धावून येणारा माणूस या चार सेवा घर न सोडता मिळाल्या, तर कित्येकांना वसाहतीची गरज उरणार नाही. जालना नगरपालिकेची २०२३ साली महानगरपालिका झाली. २०२४ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महापालिकेने जागा द्यावी, महाविद्यालयाने वैद्यकीय फेऱ्यांची जबाबदारी घ्यावी, ज्येष्ठ नागरिक संघांनी व्यवस्था पाहावी आणि ऐपत असलेल्यांनी शुल्क भरावे. श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये हाच ज्यांचा आधार, त्यांचा भार मात्र शासनानेच उचलला पाहिजे. ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. परंतु शासन तो 'स्थापन करू शकेल', अशी तिची सैल शब्दयोजना आहे.

अर्थात ज्यांना चोवीस तास शुश्रूषा लागते, किंवा ज्यांचे गावात कोणीच उरलेले नाही, त्यांच्यासाठी चांगली वसाहत हाच उत्तम आसरा होय. त्यांनीही प्रथम सहा महिने भाड्याने राहून पाहावे, शुल्कवाढीची आणि अंथरुणाला खिळल्यानंतरची अट लेखी घ्यावी, आणि तोवर घर विकू नये. मुलांच्या नावे ते करायचे झाल्यास सांभाळण्याची अट बक्षीसपत्रातच घालावी. ती पाळली गेली नाही तर हस्तांतर रद्द करून घेण्याचा मार्ग त्याच कायद्याच्या कलम २३ ने खुला ठेवला आहे.

हा प्रश्न केवळ आजच्या वृद्धांचा नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर अंशदायी निवृत्तिवेतनावर सरकारी नोकरीत आलेली पिढी आणि आज महाविद्यालयात शिकणारी मुलेही याच वाटेने जाणार आहेत. ज्या गावाने पाळणा हलवला, त्याने काठीही हाती द्यावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.