धानावरील कीड ओळखण्यास चित्रसंग्रहाचा उपयोग

रोवणी होऊन महिना-सव्वा महिना लोटला आणि बांधीत ठिकठिकाणी फुटव्यांचा मधला पोंगा बिघडलेला दिसू लागला, म्हणजे धान पिकविणाऱ्याच्या जिवाची घालमेल सुरू होते. बिरसी व तिच्या आसपासचा गोंदिया जिल्ह्याचा मुलूख धानाचा. तेथे हा प्रसंग नवा नाही. अशा वेळी शेजाऱ्याने जे आणले तेच आपणही आणावे, असा पुष्कळांचा प्रघात आहे. परंतु पोंगा बिघडविणाऱ्या किडी एकाहून अधिक आहेत. त्यांपैकी खोडकिडा व गादमाशी या दोन प्रमुख होत. खोडकिड्याच्या पतंगांकरिता लावलेले कामगंध सापळे गादमाशीस मुळीच पकडीत नाहीत. म्हणजे नाव चुकले की पैसा गेला, श्रम गेले, आणि हंगामातील मोलाचे दिवसही गेले. हे नाव ठरविण्याच्या कामी संस्थांनी संगणकावर ठेवलेले चित्रसंग्रह फार उपयोगी पडतात. मात्र त्यांना प्रश्न कसा विचारावा हे ठाऊक असले पाहिजे.

उदाहरणादाखल अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाचा 'बगवुड' हा संग्रह घेऊ. तो १९९४ साली सुरू झाला. त्यातील कीटकांच्या चित्रांच्या विभागास 'इन्सेक्ट इमेजेस' असे नाव असून मोबाइलवरूनही तो कोणासही पाहता येतो. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनेही धानाविषयीची छायाचित्रे अशाच रीतीने लोकांसाठी खुली केली आहेत.

येथे एक गोष्ट प्रथम ध्यानात धरावी. शोधाच्या चौकटीत आपण शब्द लिहितो, तेव्हा यंत्र चित्राकडे पाहत नाही. चित्रास जोडलेल्या टिपणाकडे पाहते. टिपणात जो शब्द नाही, त्या शब्दाने चित्र सापडावयाचे नाही. म्हणून 'बिरसी' असा शब्द घालून धानाची कीड शोधू जाल, तर निराशाच पदरी येईल. सर्वसाधारण संग्रहात त्या नावाने येथील विमानतळाची चित्रे पुढे येण्याचाच संभव अधिक. शोध गावाच्या नावाने न घेता किडीच्या नावाने घ्यावा.

किडीची बोलीतील नावे गावोगाव पालटतात, इंग्रजी नावेही संदिग्ध असतात. 'स्टेम बोरर' म्हणजे खोड पोखरणारा. असे किडे उसावर व मक्यावरही असतात. शास्त्रीय नाव मात्र जगभर एकच चालते. पिवळ्या खोडकिड्याचे 'सिर्पोफॅगा इन्सर्टुलास' आणि गादमाशीचे 'ओरसिओलिया ओरायझी' ही ती नावे होत. कृषी विद्यापीठांच्या धानविषयक पुस्तिकांतून ती रोमन अक्षरांत छापलेली असतात. तेथून ती अक्षरशः उतरून घ्यावीत, कारण एक अक्षर चुकले तरी शोध फसतो. शास्त्रीय नावेही क्वचित बदलतात. गादमाशीस पूर्वी 'पॅकिडिप्लोसिस ओरायझी' म्हणत. नव्या नावाने पुरेशी चित्रे न मिळाल्यास जुन्या नावानेही शोधून पाहावे.

नाव लिहिल्यावर अनेक चित्रे समोर येतात. त्यांतून पुढे निवड करावी ती किडीच्या अवस्थेनुसार: अंडी, अळी, कोष, प्रौढ कीटक, आणि पिकावरील नुकसान. आपल्याला बांधीत बहुधा नुकसानच आधी दिसते. म्हणून ती चित्रे प्रथम पाहावीत. नंतर चित्राखालील मजकूर अवश्य वाचावा. चित्र कोणी काढले, कोणत्या देशात, कोणत्या पिकावर, हे तेथे दिलेले असते. बगवुडमध्ये भाताच्या रोगांची कित्येक चित्रे लुइझियाना राज्यातील आहेत. करपा तेथेही करपाच. तथापि वाण व हवामान भिन्न असल्याने ठिपक्यांचे रूप थोडे निराळे दिसू शकते, हे विसरू नये.

आता चित्र पाहून झाले की पुन्हा बांधीत उतरावे. खोडकिड्याने पोखरलेल्या फुटव्याचा मधला पोंगा वाळून तपकिरी होतो आणि ओढताच सहज हाती येतो. यासच गाभेमर म्हणतात. गादमाशीच्या योगाने पोंग्याची कांद्याच्या पातीसारखी पोकळ, फिकट चंदेरी नळी बनते. त्या फुटव्यास लोंबी येत नाही. नळीचे बूड उभे चिरल्यास आत अळी किंवा कोष सापडतो. माशी उडून गेली असल्यास नळीच्या टोकाशी कोषाचे रिकामे टरफल चिकटलेले दिसते. पतंग पाहावयाचा तर पिवळ्या खोडकिड्याच्या मादीच्या पुढील प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका असतो. गादमाशी डासाएवढी नाजूक असते. ही लक्षणे चित्रांशी ताडून पाहिली की संशय पुष्कळसा फिटतो. त्याच वेळी 'प्लॅटिगॅस्टर ओरायझी' हे नावही शोधावे. हा सूक्ष्म कीटक गादमाशीच्या अळीत वाढून तिचा नाश करतो. असा मित्र बांधीत असता विनाकारण फवारणी करणे म्हणजे त्यालाच मारणे होय.

मोबाइलने छायाचित्र दाखवून यंत्राकडूनच नाव विचारण्याची सोयही आता झाली आहे. तिने दिलेले नाव निर्णय मानू नये. ते संग्रहात शोधून, वरीलप्रमाणे पडताळून पाहावे. संग्रहातील चित्र पत्रकात किंवा सभेत वापरावयाचे असल्यास त्याखालील परवान्याची अट वाचावी आणि छायाचित्रकाराचे व संस्थेचे नाव द्यावे.

अखेरीस एक सूचना. गावातील शेतकऱ्यांनी आपला स्वतःचा लहानसा संग्रह करावा. प्रत्येक वेळी तीन चित्रे घ्यावीत: बांधीचे, संपूर्ण झाडाचे, आणि चिरलेल्या फुटव्याचे जवळून, मापासाठी शेजारी एखादे नाणे ठेवावे. चित्रास तारीख, गाव, वाण, रोवणीचा दिवस व किडीचे नाव जोडून ठेवावे. शंका राहिल्यास हीच चित्रे ताज्या नमुन्यासह हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्रात अगर साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रात दाखवावीत. टिपण नसलेले चित्र पुढील वर्षी मालकाच्याही उपयोगी पडत नाही. टिपण असलेले चित्र मात्र साऱ्या गावाचे धान राखण्यास साह्य करते.