तरवडाचें फूल ओळखावें कसें?



पाऊस ओसरूं लागला म्हणजे नांदेडहून देगलूरकडे किंवा लातूरहून उदगीरकडे जाणाऱ्या वाटेच्या दोहों बाजूंस, माळरानावर आणि शेतांच्या बांधांवर, पिवळ्या फुलांचीं झुडपें बहरलेलीं दिसतात. मोटारींतून पाहणारा मनुष्य त्यांना सरसकट रानफुलें म्हणून मोकळा होतो. खेड्यांतील जाणता मनुष्य मात्र तेवढ्यावर थांबत नाहीं. हा तरवड, हा तरोटा आणि तो उकिरड्याजवळचा कासविंदा, असें तो एकेकाकडे बोट दाखवून सांगेल. तिन्ही पिवळ्या फुलांचे, तिन्ही शेंगा धरणारे आणि तिन्ही एकाच गोताचे. परंतु गुणांनीं तिघेही निराळे. हा भेद आज आपण घरबसल्या समजून घेऊं.

दिसण्यावरून निवाडा केल्यास काय होतें, याचें एक मोठें उदाहरण अमेरिकेंत आहे. तिकडे गोल्डनरॉड नांवाचें पिवळें रानफूल आहे. नेब्रास्का संस्थानानें 1895 सालीं त्याला आपलें राज्यपुष्प ठरविलें. शरद् ऋतूंत शिंका येऊं लागल्या आणि डोळे चुरचुरूं लागले, कीं पुष्कळ लोक या फुलाला दोष देतात. वस्तुतः त्याचा पराग जड व चिकट असतो. तो कीटकांच्या अंगाला लागून प्रवास करतो, वाऱ्यावर उडत नाहीं. खरी अपराधी रॅगवीड नांवाची वनस्पति. ती त्याच दिवसांत फुलते, पण तिचीं फुलें हिरवट असल्यामुळें कोणाच्या नजरेंत भरत नाहींत. तेथें निरपराध्याला शिक्षा झाली. आपल्याकडे अपराधी निसटण्याचें भय आहे, तें कसें हें पुढें येईलच.

प्रथम तरवड पाहूं. हें बहुवर्षायु झुडूप सामान्यतः पुरुषभर उंचीचें असतें. त्याची अचूक खूण फुलांत नसून पानाच्या देठापाशीं आहे. देठ जेथें फांदीला जोडलेला असतो, तेथें कानाच्या पाळीसारखीं रुंद, हिरवीं उपपर्णें दिसतात आणि तीं गळून न पडतां टिकून राहतात. लिनियसनें 1753 सालीं या वनस्पतीला कॅसिया ऑरिक्युलाटा असें नांव दिलें. आतां तिला सेना ऑरिक्युलाटा म्हणतात. ऑरिक्युलाटा म्हणजे कान असलेली. झुडपाचे कान दिसले, कीं तरवड ओळखला असें समजावें.

दुसरी खूण पानाची. चिंचेच्या पानाप्रमाणें हें पान संयुक्त असून त्यांत बहुधा आठ ते बारा पर्णिकांच्या जोड्या असतात. प्रत्येक जोडीच्या मध्यें दांड्यावर एक बारीक, उभी ग्रंथि असते. तिसरी खूण शेंगेची. ती चपटी, कागदासारखी पातळ, सुमारें तीन-चार इंच लांब असते, आणि आंतील बियांच्या जागा बाहेरून उमटलेल्या दिसतात. फुलाला पांच पाकळ्या आणि दहा पुंकेसर. त्यांपैकीं वरचे तीन वांझ असतात. या फुलांत मध नाहीं. परागकोशांच्या टोकांना छिद्रें असतात. भुंगा फुलाला बिलगून गुंजारव करतो, त्या कंपानें पराग बाहेर पडतो.

आतां त्याचे सोयरे पाहूं. तरोटा, ज्याला टाकळाही म्हणतात, हें पावसाळ्यांत उगवून वाळून जाणारें लहान रोप आहे. त्याच्या पर्णिकांच्या जोड्या तीनच, आणि त्यांचीं टोकें गोलसर. शेंग बारीक, लांब आणि विळ्यासारखी किंचित् वाकलेली. पहिल्या पावसानंतर याच्या कोंवळ्या पानांची भाजी आपल्या घराघरांत होते. कासविंद्याच्या पर्णिकांच्या जोड्या तीन ते पांच; पर्णिका मोठ्या आणि टोकाला अणकुचीदार. पान चुरगळलें तर उग्र दुर्गंध येतो. ग्रंथि एकच, देठाच्या तळाशीं. तात्पर्य, भाजी खुडतांना गोल टोंक तरोट्याचें आणि टोकदार पान कासविंद्याचें, एवढें तरी विसरूं नये.

हा सावधपणा कां, तें सांगतों. पश्चिम उत्तर प्रदेशांत पावसाळा संपल्यावर दरवर्षीं खेड्यांतील लहान मुलांना अकस्मात् वांत्या होत, झटके येत, शुद्ध हरपे आणि अनेक मुलें दगावत. पुष्कळ काळ हा विषाणूंमुळें होणारा मेंदूचा ज्वर समजला जाई. 2007 सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें याचें मूळ कासविंद्याच्या शेंगांत दाखविलें. खेळतां खेळतां मुलें त्या बिया खात, आणि त्यांतील विष यकृत, स्नायु व मेंदू या तिहींवर आघात करी. वैद्यकाच्या दृष्टीनें रोगाचें नांवच बदललें. आणि उपाय निघाला तो औषधाचा नसून झाड ओळखण्याचा व मुलांना त्यापासून दूर ठेवण्याचा.

अलीकडे तरवडाच्या वाळलेल्या फुलांचा काढा मधुमेहावर घेण्याची चाल शहरांतही पसरली आहे. ज्यांना तो घ्यावयाचा असेल त्यांनीं वैद्याचा सल्ला तर घ्यावाच, पण पुडींतील फूल कोणत्या झाडाचें आहे हेंही विचारावें. सुकलेल्या पिवळ्या पाकळ्यांवरून गोत कळेल, व्यक्ति कळणार नाहीं.

तरवडाचा उपयोग एवढाच नाहीं. त्याच्या सालींत टॅनिन भरपूर असल्यामुळें दख्खनमध्यें कातडीं कमावण्यासाठीं ती पूर्वापार वापरली गेली. गुरें त्याला सहसा तोंड लावीत नाहींत. म्हणूनच चराईनें उजाड झालेल्या माळावरही तो हिरवा राहतो. देगलूर, बिलोली, धर्माबाद या सीमेवरील तालुक्यांपलीकडे तेलुगु भाषा सुरू होते, आणि तेथें याच झुडपाला तंगेडू म्हणतात. बतुकम्माच्या उत्सवांत स्त्रिया तंगेडूचीं पिवळीं फुलें आणि आपल्याकडील कुरडूचे तुरे यांचे थर रचून पुष्पराशि उभारतात व नवव्या दिवशीं पाण्यांत विसर्जन करतात. 2014 सालीं स्थापन झालेल्या तेलंगणा राज्यानें तंगेडूलाच राज्यपुष्पाचा मान दिला आहे. 1956 पर्यंत नांदेड आणि हैदराबाद एकाच राज्यांत होतीं. पुढें सीमा बदलल्या. झुडपाला मात्र त्यांची खबर नाहीं.

तेव्हां येत्या आश्विनांत मुलांना घेऊन माळावर जा. फूल तोडण्यापूर्वीं देठाशीं कान आहेत कीं नाहींत तें पाहा, जोड्या मोजा, पान चुरगळून वास घ्या आणि शेंग उजेडासमोर धरा. या चार परीक्षांत जें झुडूप उतरेल त्याला तरवड म्हणा. आणि घराच्या मागें कासविंदा आढळला, तर शेंगा पिकण्यापूर्वीं तो मुळासकट उपटून टाका.