लाल की हिरवी?

बर्लिनमध्ये उन्हाळ्यात झाडाखालच्या टेबलाशी बसून ‘वाइसे’ मागितली, की वाढणारा बहुधा एकच प्रश्न विचारतो, ‘रोट ओडर ग्र्यून?’ लाल की हिरवी? जणू साडीच दाखवायची आहे! मग समोर येतो तो बुटका, रुंद तोंडाचा काचेचा पेला, आइस्क्रीमचा वाटावा असा. आत लालभडक नाहीतर पोपटी पेय, वर फेस आणि त्यात खोचलेली स्ट्रॉ. ही गव्हाची बिअर आहे आणि तिच्यात फळाचे नाहीतर पाल्याचे सिरप घातले आहे, हे कोणी सांगितल्याशिवाय कळायचे नाही.

आमच्या लेकीचे सासर बर्लिनचे. या पेल्यावरून तिच्या सासू-सासऱ्यांत गेली चाळीस वर्षे वाद आहे. विहीणबाईंना लाल आवडते. व्याह्यांच्या मते सिरप घातलेली बिअर पर्यटकांनी आणि बायकांनी प्यावी. यातले ‘बायकांनी’ लेकीने भाषांतर करताना गाळले होते. विहीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवून ते पोचवले! निवाडा करायला मला बसवले, कारण मला बिअरची सवय नाही, म्हणजे माझे मत कोणाच्या बाजूने बनलेले नाही. आमच्या घरात बाटली कधी आली नाही. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा नाव बदलून आजही आहे आणि पिण्याचा परवाना त्यात प्रकृतीस्वास्थ्यासाठी म्हणून मिळतो. हे व्याह्यांना सांगितले तेव्हा ते फार वेळ हसत होते.

मी एकच अट घातली. आधी कोरी, मग लाल, मग हिरवी. भाजी चाखण्याआधी तिच्यावर लिंबू पिळू नये, एवढाच विचार त्यामागे होता.

कोरी वाइसे फिकट पिवळी, किंचित गढूळ. पहिल्या घोटाला मला चक्क ताकाची निवळ आठवली. बिअर म्हणजे कडू असे ऐकून होते, पण इथे कडूपणा नावालाच. होता तो स्वच्छ, धारदार आंबटपणा आणि त्यामागे भिजवलेल्या कणकेसारखा मंद वास. ताक आठवण्यात नवल नव्हते. गहू आणि सातू यांना मोड आणून, ते वाळवून ही बिअर करतात आणि ती आंबवताना यीस्टबरोबर दही लावणाऱ्या जिवाणूंच्या जातकुळीचेच जिवाणू काम करतात. मद्याचे प्रमाण सुमारे तीन टक्के, म्हणजे नेहमीच्या बिअरपेक्षा बरेच कमी. नेपोलियनच्या सैनिकांनी हिला ‘उत्तरेकडची शॅम्पेन’ म्हटले, अशी कथा बर्लिनकर सांगतात. शॅम्पेन मी चाखलेली नाही, तेव्हा त्यावर बोलत नाही. ज्याने अंबोळी, ताक, आंबील खाल्ले-प्यायले आहे त्याला ही चव परकी वाटत नाही, एवढे मात्र खरे.

व्याह्यांचा चेहरा फुलला. जर्मन माणसाला शुद्धतेचा अभिमान असतो. बव्हेरियात १५१६ साली फर्मान निघाले, बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायचे नाही. मी विचारले, त्या यादीत गहू कुठे आहे? व्याही म्हणाले, ते फर्मान बव्हेरियाचे, आम्ही प्रशियाचे! बरे, तुमचे वडील ही कोरीच पीत का? नाही, ते तिच्याबरोबर शहाजिऱ्याच्या दारूचा छोटा पेला घेत. ती जुनी रीत, तिला नावही आहे, ‘वाइसे मिट श्ट्रिपे’. विहीणबाई यावर काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त सिरपची बाटली पुढे सरकवली.

लाल म्हणजे रासबेरी. मुंबईत इराण्याकडे रासबेरी सोडा प्यायलेल्यांना वास ओळखीचा वाटेल. हॉटेलात सिरप इतके ओततात की आंबट चव पार बुडते आणि उरते फेसाळ सरबत. ते मला मुळीच आवडले नाही. पण विहीणबाई घरी निम्मेच घालतात. तेव्हा निराळाच प्रकार होतो. फळाचा आंबटपणा आणि बिअरचा आंबटपणा एकमेकांना धरतात, गोडी मागे राहते. आमसुलाच्या सरबतात साखर नेमकी पडली की जे होते, तेच.

हिरव्या सिरपाला नाव ‘वाल्डमाइस्टर’ या रानपाल्याचे. नुकत्याच कापलेल्या गवताचा, थोडा व्हॅनिलाचा वास. त्या पाल्यात कूमारिन असते, जे आपल्या बाजारातल्या जाड सालीच्या दालचिनीतही असते. ते यकृताला बाधू शकते म्हणून त्यावर निर्बंध आले आणि आता बाजारच्या सिरपात वास आणि रंग बहुतेक कृत्रिमच. दोन घोट घेतले, तिसरा घेतला नाही. मन मोकळे ठेवायचे म्हणजे सगळेच आवडून घ्यायचे, असे थोडेच आहे?

खरा वाद मात्र चवीपेक्षा खोल होता. एकोणिसाव्या शतकात वाइसे हे बर्लिनचे रोजचे पेय होते. विसाव्या शतकाच्या अखेरीला ती करणारे मोठे कारखाने बोटांवर मोजण्याइतके उरले. व्याह्यांच्या मते हे पाप सिरपाचे. खाली काय आहे हे लोकांना कळेनासे झाले आणि मग ते नीट करण्याची गरजही कोणाला वाटेना. विहीणबाई म्हणतात, सिरप होते म्हणून लोक ती मागत राहिले, नाहीतर नावही उरले नसते. माझ्या मते दोघांचेही खरे आहे, पण विहीणबाईंचे थोडे जास्त. मागणीच नसती तर गेल्या काही वर्षांत बर्लिनच्या नव्या छोट्या कारखान्यांनी जुन्या पद्धतीची वाइसे पुन्हा करायला घेतली, तेव्हा त्यांच्या हाती धागा तरी कोणता लागला असता? आणि फळ घातले की बिअर बाटते म्हणावे, तर शेजारच्या बेल्जियममध्ये गव्हाचा मोठा वाटा असलेल्या ‘लँबिक’ बिअरमध्ये आंबट चेरी महिनोन्महिने मुरवून ‘क्रीक’ करतात. तिथे तिला बायकांचे पेय म्हणून कोणी नाक मुरडत नाही, उलट जाणकार तिच्यासाठी ब्रसेल्सपर्यंत जातात.

निवाडा मी असा दिला: लाल, पण निम्म्या सिरपाची, आणि पहिला घोट कोरा. व्याह्यांनी तो मान्य केला नाही. पण जुन्या पद्धतीची वाइसे बाटलीत वर्षानुवर्षे मुरत राहते, म्हणून त्यांनी तळघरात सहा बाटल्या ठेवल्या आहेत आणि त्यातल्या दोनांवर विहीणबाईंनी लाल दोरा बांधून ठेवला आहे.