‘शाळा’ फाइलवर उतरते तेव्हा

‘शाळा’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा. युनिकोडच्या हिशेबात मात्र श, काना, ळ, काना अशी ४ चिन्हे, आणि यूटीएफ-८ मध्ये फाइलवर उतरताना प्रत्येकी ३ प्रमाणे १२ बाइट. सी भाषा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये घडली, तेव्हा एक अक्षर म्हणजे एक बाइट, हे गृहीतच होते. १९८९च्या प्रमाणित सीमध्ये ‘वाइड कॅरेक्टर’ हा प्रकार आला, पण असा मजकूर फाइलवर लिहिणारी फंक्शन्स मिळायला १९९५ची दुरुस्ती यावी लागली. त्यांतले ‘एफपुटडब्ल्यूएस’ आपल्या कामाचे.

त्याला वाइड स्ट्रिंग आणि उघडलेली फाइल द्यायची, बस. तरीही मराठी विद्यार्थ्याचा पहिला प्रयत्न अनेकदा फसतो. फाइलमध्ये प्रश्नचिन्हे उमटतात किंवा काहीच उमटत नाही, आणि तो फॉन्ट बदलत बसतो. दोष फॉन्टचा नसतो. सीचा प्रत्येक प्रोग्राम ‘सी’ याच नावाच्या लोकेलमध्ये जागा होतो आणि त्या लोकेलमध्ये देवनागरीची हमी नसते. ‘सेटलोकेल’ला रिकामी स्ट्रिंग दिली, की मगच तो यंत्रावरच्या भाषेच्या सेटिंगकडे पाहतो. ही एक ओळ राहिली म्हणून एखाद्या नावांच्या यादीतल्या काळे-मुळ्यांच्या जागी प्रश्नचिन्हे यावीत, हे मला फार लागते. माणसाचे नाव आहे ते.

ती ओळ पहिल्या लेखनाआधीच हवी. पहिल्या लेखनावर आणखीही एक गोष्ट ठरते: नुकत्याच उघडलेल्या फाइलच्या स्ट्रीमला कोणताच कल नसतो. पहिले लेखन बाइटचे की वाइड, त्यावरून तो ठरतो आणि फाइल पुन्हा उघडेपर्यंत बदलत नाही. आधी ‘एफप्रिंटएफ’ने मथळा लिहिला आणि त्याच फाइलवर पुढे ‘एफपुटडब्ल्यूएस’ वापरले, तर लिनक्सवर ते मुकाट उणे १ परत देते. पडद्यावर अवाक्षर नाही.

काहीजण या कटकटीला कंटाळून वाइड स्ट्रिंग मेमरीतून जशीच्या तशी फाइलवर ओततात. तसे करू नये. लिनक्सवर वाइड कॅरेक्टर ४ बाइटचे, विंडोजवर २ बाइटचे. तीच ‘शाळा’ एकीकडे १६ बाइट, दुसरीकडे ८. एका यंत्रावरची फाइल दुसऱ्याला वाचता येणार नाही.

‘एफपुटडब्ल्यूएस’ने परत दिलेली किंमत तपासावीच, पण तेवढ्यावर थांबू नये. मजकूर आधी बफरमध्ये साठतो, त्यामुळे चूक कधीकधी फाइल बंद करतानाच उघडी पडते; ‘एफक्लोज’चे उत्तरही पाहावे.