पत्ता स्मृतीचा, घर यंत्राचे

चंद्रपूरजवळचे इरई धरण तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. भर पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडायचे झाले, की नदीकाठच्या वस्त्यांना सावध करावे लागते. समजा, पाण्याची पातळी मोजणारे एक उपकरण आपण संगणकाला जोडले. त्याने मोजलेला आकडा आज्ञावलीला कसा कळणार?

संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक खणाला क्रमांक असतो. त्याला पत्ता म्हणतात. १९७० साली आलेल्या पीडीपी-११ या संगणकात काही पत्ते खणांना न देता उपकरणांना दिलेले होते. १७७५६२ हा पत्ता (अष्टमान पद्धतीतला) वाचला, की कळफलकावर दाबलेले अक्षर मिळे. गंमत पुढेच आहे. ते अक्षर वाचताच १७७५६० या पत्त्यावरची ‘अक्षर आले आहे’ ही खूण आपोआप पुसली जाई! वही वाचल्याने शेजारच्या वहीतला मजकूर पुसला जातो काय? येथे पुसला जातो, कारण ती वही नाहीच. ते यंत्र आहे.

आता धरणाकडे या. सकाळी पट्टीवरचा आकडा तुम्ही वहीत टिपला. दुपारी कोणी विचारले, तर पुन्हा पट्टीपर्यंत कोण जातो? वहीतूनच सांगितला. प्रोसेसरही वेळ वाचवण्यासाठी असेच करतो. त्याच्या वहीला ‘कॅशे’ म्हणतात. साध्या स्मृतीला हे चालते. पण पाणी चढत असताना सकाळचा आकडा काय कामाचा?

म्हणून उपकरण हाताळणारी आज्ञावली, म्हणजे ‘ड्रायव्हर’, लिहिताना दक्षता घ्यावी लागते. लिनक्समध्ये ‘आयओरीमॅप’ वापरून उपकरणाचा खरा पत्ता ड्रायव्हरला वापरता येईल अशा पत्त्याशी जोडून घेतात. ही जोडणी कॅशे टाळूनच होते. मग ‘रीडएल’ने वाचायचे, ‘राइटएल’ने लिहायचे.

सी भाषेचा कंपायलरही असाच आळशी असतो. माझी एक आज्ञावली संवेदकाची वाट पाहत तासभर फिरत राहिली. मी तारा बदलल्या, संवेदक बदलला. चूक निघाली एका शब्दाची: ‘व्होलाटाइल’ लिहायचे राहिले होते. त्यामुळे पत्ता एकदाच वाचला जात होता.

शाळेत अर्डुइनो उनो असेल तर हे करून पाहा. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम नसते, म्हणून पत्ता थेट वापरता येतो. आधी ३६ या पत्त्यावर ३२ लिहा, मग ३७ वर ३२. पट्टीवरचा छोटा दिवा लागेल. ३७ वर शून्य लिहिले, की विझेल.