गाडीतला वाटाड्या आणि कापडाची खेप

गाडीच्या पुढच्या काचेला चिकटवायचे रस्ता दाखविणारे यंत्र, ज्याला लोक नुसते 'जीपीएस' म्हणतात, ते आता दुकानांत फारसे दिसत नाही. मोबाईलने त्याची जागा घेतली. तरी आमच्या मालेगावच्या टेंपोत 2011 साली घेतलेले असे एक यंत्र अजून चालू आहे आणि ग्रे कापडाच्या व्यवहारात त्याने जे दाखवले ते व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम यंत्राविषयी थोडे. अमेरिकेचे हे उपग्रह सुमारे 20,200 कि.मी. उंचीवरून फिरतात आणि प्रत्येकात अणुघड्याळ असते. आपले यंत्र काहीही पाठवत नाही, फक्त ऐकते. उपग्रहाचा संदेश किती वेळात आला यावरून अंतर काढते आणि चार उपग्रहांची अंतरे मिळाली की आपली जागा सांगते. घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जागेत 300 मीटरची चूक होते. 2000 सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीचा संदेश मुद्दाम बिघडवून देत असे. ते बंद केल्यावर ही यंत्रे मोटारीत जास्त उपयोगी झाली. यंत्राला मोबाईलच्या टॉवरची गरज नाही, म्हणून कोंडाईबारी घाटात रेंज गेली तरी ते बोलत राहते. मात्र पुढे ट्रक उलटून रस्ता बंद आहे, हे त्याला कळत नाही. ते काम इंटरनेटचे.

जागा अचूक असणे आणि रस्ता योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या गादीवर पहिला वाद झाला तो इथेच.

मालेगावहून सुरतेला आमचा माल धुळे, साक्री, नवापूर असा जातो. धुळ्यापासून पुढे हा जुना 6 नंबरचा महामार्ग. 2010 साली नंबर बदलले तेव्हापासून तो 53 आहे. यंत्रात 'कमी अंतर' असा पर्याय निवडलेला होता. ते सांगू लागले की सटाणा, ताहराबाद, पिंपळनेर करत शेलबारी घाटाने दहिवेलला निघा. नकाशावर पाहिले तर यंत्र खोटे बोलत नव्हते, ती वाट खरोखर जवळची आहे. पण यंत्र मोटारीचे. मागे ताग्यांच्या गाठी भरल्या आहेत, चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगते आणि उतारावर ब्रेक तापतात, हे त्याच्या हिशेबात नाही.

आमच्या टेंपोवर तेव्हा जे चाचा होते ते जकात नाक्यांच्या जमान्यापासून गाडी चालवत आलेले. यंत्रातली बाई 'उलट फिरा, उलट फिरा' म्हणत राहिली आणि ते सरळ धुळ्याला गेले. "ही बाई कधी साक्रीच्या पुढे गेली आहे का?" असे त्यांनी मलाच विचारले. हसण्यावारी गेले असते, पण मुनीमजींनी यंत्राचे किलोमीटर धरून डिझेलचा हिशेब मांडला आणि फरकाचे पैसे कुठे गेले असे चारचौघांत विचारले. चाचांनी गाडीची किल्ली गादीवर ठेवली आणि ते उभे राहिले.

वीस वर्षे ज्याच्या हाती लाखांचा माल दिला त्या माणसाच्या इमानावर एका डबीच्या सांगण्यावरून बोट ठेवले गेले होते. मी किल्ली उचलली नाही, त्यांनाही उचलू दिली नाही. पुढच्या दोन खेपांना स्वतः गाडीत बसलो. एक धुळ्यावरून आणि एक घाटातून. यंत्रात प्रवासाची नोंद असते: किती कि.मी., किती वेळ चालली, किती वेळ उभी राहिली. घाटाच्या खेपेत अंतर कमी भरले पण वेळ जास्त गेला, आणि डिझेलमध्ये म्हणावी तशी बचत दिसली नाही. मुनीमजींनी दोन्ही आकडे स्वतःच्या हाताने वहीत उतरवले. त्या दिवसापासून डिझेल प्रत्यक्ष धावलेल्या रस्त्यावर ठरते, यंत्राने सुचवलेल्या रस्त्यावर नव्हे. 'कमी वेळ' हा पर्याय चाचांनी माझ्यासमोर लावून घेतला.

हीच नोंद पुढे चाचांच्या बाजूने उभी राहिली. सुरतेच्या एका पार्टीने गाडी उशिरा आली म्हणून भाड्यात कपात मागितली. नोंदीत गाडी सकाळीच दारात पोचून चार तास रिकामी होण्याची वाट पाहत उभी असल्याचे दिसत होते. कपात झाली नाही.

जीएसटीनंतर वेळेला आणखी किंमत आली आहे. ई-वे बिल 1 एप्रिल 2018 पासून परराज्यातील मालाला लागू झाले. 50,000 रुपयांच्या वरच्या मालाला ते लागते, पण ग्रे कापड रंगाई-छपाईसाठी जॉबवर्क म्हणून बालोतरा, पाली, जेतपूरला जात असेल तर किंमत कितीही असो, बिल काढावेच लागते. जानेवारी 2021 पासून साध्या मालाला दर 200 कि.मी. किंवा त्याच्या भागामागे एक दिवस मिळतो. पूर्वी हा दिवस 100 कि.मी.मागे होता. म्हणजे रस्ता चुकून किंवा घाटात अडकून रात्र गेली तर मुदत संपते आणि दंडाचा प्रश्न उभा राहतो. मुदत संपण्याच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास एवढ्यातच ती वाढवून घेता येते. गाडी कोठे आहे हे त्या वेळी नेमके सांगता आले पाहिजे.

आता अडचणी. मोठी अडचण स्पेलिंगची. आवाज हिंदीत मिळतो, पण गावाचे नाव इंग्रजीत टाकावे लागते. भिवंडीत डब्ल्यू की व्ही, हे उर्दू किंवा मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला कोण सांगणार? आणि भिवंडी सापडली तरी काम होत नाही. अंजूर फाटा, काल्हेर, दापोडा या भागात पत्ता म्हणजे अमुक कंपाउंड, तमुक गाळा. यंत्र गावापर्यंत नेऊन 'आपण पोचलात' म्हणते आणि गप्प बसते. दुसरे, मोठ्या ट्रकची बॅटरी 24 व्होल्टची असते, मोटारीचा 12 व्होल्टचा चार्जर तिथे जळतो. दोन्हींवर चालणारा घ्यावा. मे महिन्यात यंत्र काचेला ठेवून गाडी उन्हात उभी केली तर आतली बॅटरी फुगते. काढून ठेवले तरी काचेवरचा गोल डाग पुसावा, चोर तोच पाहतो.

एक गंमतही झाली. उपग्रहांकडून येणारा आठवड्यांचा आकडा 1,023 पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. 6 एप्रिल 2019 च्या रात्री तो शून्यावर आला आणि आमचे यंत्र 1999 साल दाखवू लागले. रस्ता बरोबर, तारीख वीस वर्षे मागची. तेव्हापासून खेपेची तारीख ड्रायव्हर हाताने लिहितो. जुने यंत्र स्वस्तात घेणाऱ्याने आधी तारीख पाहावी.

मोबाईल वापरणाऱ्यांना एक सूचना. ऑक्टोबर 2020 पासून मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडी चालवताना मोबाईल फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणून मांडीवर नको, स्टँडवर लावावा.

चाचांनी यंत्राशी पुढे जमवून घेतले ते त्यांच्या पद्धतीने. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते, पण 'ही जागा जतन करा' हे बटण कळले होते. रात्री उघडा असणारा पंक्चरवाला, ब्रेक थंड करायची जागा, पावसात पाणी भरणारा नाला, प्रत्येक प्रोसेस हाऊसचे मागचे दार, असे त्यांनी आठ-नऊ वर्षांत कितीतरी ठिकाण टिपले. गाडी सोडण्यापूर्वी आठवडाभर ते रोज दुपारी गादीवर बसले आणि एकेक जागेचे नाव सांगत गेले. मुनीमजींनी आकडे वहीत लिहिले. दशांश चिन्हानंतर चार आकडे लिहिले की सुमारे दहा-अकरा मीटरपर्यंत जागा मिळते, आणि गाळा शोधायला तेवढे पुरते. अक्षांश आधी लिहावा, रेखांश नंतर. मालेगाव 20.55, 74.53 आहे. हे आकडे उलटे टाकले तर गाडी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते.

नवा ड्रायव्हर तरुण आहे, मोबाईलवर चालतो. वहीतले आकडे त्याने मोबाईलमध्ये भरून घेतले आणि वही परत दिली. नवापूरच्या अलीकडच्या एका जागेपुढे चाचांनी नाव सांगितले नव्हते, फक्त 'इथे चहा बरा मिळतो' एवढेच लिहून घेतले होते. तो आता तिथेच थांबतो.